वर हिवाळा, खाली उन्हाळा

आमच्याकडे थंडी कानातून शिरते. हात, पाय, छाती, पाठ हे आळंद तालुक्यातल्या आमच्या निंबर्ग्याच्या पुरुषाच्या दृष्टीने दुय्यम अवयव. मार्गशीर्षातल्या पहाटे बस स्टँडवर जाऊन पाहा. कानांभोवती मफलरचे वेढे, गाठ हनुवटीखाली, त्यावर पुन्हा टोपी, मधल्या फटीतून फक्त डोळे आणि बिडी. आणि खाली? खाली धोतर नाहीतर लुंगी, पिंढऱ्या उघड्या, पायात चपला. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "कान झाकलं की झालं. वारं कानातनंच डोस्क्यात जातंय." पायाला थंडी वाजते हे त्याला मान्य नाही. वाजत असेलच, तर तो पायाचा खाजगी मामला.

मफलर नसेल तर टॉवेल चालतो. सोलापूर जवळ, त्यामुळे टॉवेलला तोटा नाही. पोरं-बाळं, म्हातारेकोतारे सोलापुरी चादरीत. या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालेलं आहे. दोन्ही वस्तू सुती. म्हणजे आळंद तालुक्याचा हिवाळा परंपरेने कापसावर निभतो आणि त्यात कुणाला काही कमी वाटत नाही.

याचा अर्थ आमच्याकडे थंडी पडत नाही असा कुणी घेऊ नये. पुण्याचे पाहुणे तसा घेतात आणि पहाटे चारला उठून शाल मागतात. हा सगळा दख्खनच्या पठाराचा उघडा-बोडका भाग. डिसेंबरात आभाळ निरभ्र, हवा कोरडी; दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आभाळाला परत करून टाकते. कलबुर्गी-बीदरकडे पहाटेचा पारा एखाद्या वर्षी दहाच्याही खाली जातो. पण गंमत पुढे आहे. त्याच दिवशी, त्याच गावात, दुपारी दोनला तो तिशीला टेकतो. थंडीची ड्युटी पहाटे चार ते नऊ. नवानंतर ती सही करून निघून जाते, आणि माणूस मात्र अंगावर स्वेटर घेऊन मागे उरतो.

शिवाय आमची थंडी मुळात माणसासाठी नसतेच. ती हरभऱ्यासाठी आणि शाळूसाठी असते. "औंदा थंडी बरी हाय" हे वाक्य इथं कुडकुडत, दात वाजवत, समाधानाने उच्चारलं जातं. फक्त धुई नको, कारण तुरीचा फुलोरा झडतो, आणि कलबुर्गीची तूरडाळ म्हणजे काही साधी गोष्ट नाही, तिलाही मानांकन आहे. शेजारी गारठून आजारी पडला तर लोक भेटायला जातात, काढा देतात आणि निघताना हरभरा कसा आहे ते विचारतात.

अशा ठिकाणी पुरुषाने हिवाळ्यात काय घालावं, याचं शास्त्र हळूहळू तयार झालेलं आहे. मोटरसायकलवाल्याची पद्धत वेगळी. तो जर्किन उलटं घालतो, म्हणजे पाठ छातीवर आणि चेन पाठीवर. ती चेन लावायला दुसरा माणूस लागतो. त्यामुळे पहाटे घराघरातून बायका नवऱ्यांना मागून बंद करताना दिसतात. जर्किन नसलेला शर्टाच्या आत पेपर घालतो. कन्नड, मराठी, उर्दू, जो हाताला लागेल तो. थंडीला सीमावाद नाही. चहाच्या टपरीवर पोचल्यावर तोच पेपर बाहेर निघतो आणि कोमट बातम्या मोठ्याने वाचल्या जातात.

स्वेटर विकायला दरवर्षी तिबेटी लोक येतात. कर्नाटकात मुंडगोडला, बैलकुप्पेला त्यांच्या मोठ्या वसाहती आहेत. हिवाळा लागला की शहराच्या एखाद्या मैदानाशी तंबूवजा दुकानं लागतात. माल बहुतेक लुधियानाचा, पण आमच्या लोकांना तो हिमालयातून थेट उतरल्यासारखा वाटतो. विकणाराचा चेहरा पाहूनच अर्धी थंडी पळते, मग भाव करायला अंगात जोर येतो.

या शास्त्रातला सगळ्यात थोर शोध मात्र जुन्या लोकांचा. निजामाच्या राज्यात सरकारदरबारी शेरवानीचा मान. गावातल्या पाटील-कुलकर्ण्यांनी त्यातून आपल्यापुरता मार्ग काढला: वर लोकरीचा बंद गळ्याचा काळा कोट, खाली पांढरं धोतर. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. १९५६ला भाषावार राज्यं झाली, आमचा तालुका म्हैसूर राज्यात गेला. कोट जागचा हलला नाही. फोटोत हा वेश पाहून आजची पोरं हसतात, पण त्यात आमच्या हवेचा पक्का हिशेब आहे. वर हिवाळा, खाली उन्हाळा. पहाटे पाचला कोट काम करतो, धोतर वाट बघतं. अकराला कोट खुंटीला जातो आणि धोतरात वारा खेळायला लागतो. माणूस एकाच दिवसात दोन ऋतू पार करतो आणि त्याला कपडे बदलायला घरी जावं लागत नाही.

या सुखी व्यवस्थेवर पहिला घाव घातला तो फ्लॅनेलच्या पॅन्टने.

तसं फ्लॅनेल आम्हाला परकं नाही. जन्मल्या जन्मल्या माणसाची त्याच्याशी गाठ पडते. झबली, दुपटी, टोपडी फ्लॅनेलचीच. पण ते सुती फ्लॅनेल, मऊ, स्वस्त आणि दिवसातून दहा वेळा धुण्याजोगं. लोकरीचं फ्लॅनेल हे प्रकरण निराळं. ते मूळचं वेल्समधलं, म्हणजे जिथं ऊन पडलं तर लोक एकमेकांना हाका मारून सांगतात. आखूड धाग्यांची लोकर पिंजून तिचं फुगीर सूत काढायचं, विणायचं, मग ते कापड साबणपाण्यात तुडवून-दाबून दाट करायचं, आणि शेवटी वरून खरवडून त्याची लव उभी करायची. हे खरवडण्याचं काम पूर्वी एका झाडाच्या वाळक्या काटेरी बोंडांनी करत. या लवेत हवा अडकून बसते आणि तीच ऊब धरून ठेवते. चांगलं हिवाळी फ्लॅनेल मीटरला साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतं. एका पॅन्टला सव्वा मीटर धरा. जवळजवळ अर्धा किलो लोकर माणूस कमरेला बांधून चालतो.

इंग्रजांनी हे कापड अंगावर घालून या देशात क्रिकेटसुद्धा खेळलं. पांढऱ्या फ्लॅनेलच्या पॅन्टी घालून, मुंबईच्या घामात. त्यांचं पाहून आपलेही खेळले. धारवाडला जन्मलेले पळवणकर बाळू १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि शंभराहून जास्त बळी घेऊन आले. त्यांच्या थोर कामगिरीत कापडाचा वाटा किती हे मी सांगू शकत नाही, पण निदान त्या उन्हाळ्यात तरी फ्लॅनेल आपल्या गावच्या हवेत होतं.

निंबर्ग्यात लोकरीचं फ्लॅनेल येतं ते आहेरातून. ठाण्याला रेमंडची गिरणी १९२५ साली सुरू झाली, कानपूरची लाल इमली तर त्याच्याही आधीची, १८७६ची. सूटपीस नावाची वस्तू या देशात रुळली ती अशा गिरण्यांच्या जिवावर. एखाद्या मोठ्या घरच्या लग्नात व्याह्याला सूटपीस द्यायचा, ही रीत मग आमच्यापर्यंत पोचली. देणारा कापड पाहत नाही, खोका पाहतो. घेणारा खोकासुद्धा पाहत नाही, तो पुढच्या लग्नात कुणाला द्यायचा याचा विचार करतो. एकेक सूटपीस खोक्यातून न निघता तीन-तीन लग्नं फिरतो, आणि कधी कधी मूळ मालकाकडे परत येतो. बहुतेक असतात टेरीवूलचे, म्हणजे अर्धी मेंढी आणि अर्धं रसायन. आमच्या दाजींच्या वाट्याला मात्र अस्सल लोकरीचं आलं. पोरगा पुण्याला कंपनीत, त्याने कुठून तरी कोळशासारख्या राखाडी रंगाचं फ्लॅनेल आणलं आणि म्हणाला, "बाबा, या थंडीत हे शिवा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. निवृत्त मास्तर, भूगोलाचे. त्यामुळे समशीतोष्ण कटिबंधाविषयी त्यांना पहिल्यापासून ओढ. कापड घेऊन आम्ही दोघं आळंदला त्यांच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो. शिंप्याने कापड बोटात चुरगाळलं, सोडलं, सुरकुती पडत नाही हे पाहिलं. मग कडेचा एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा चुरचुरला, विझला, केस जळल्याचा वास आला आणि चिमटीत धरल्यावर त्याची राख झाली.

"बालां के जैसी बास आरी," तो म्हणाला, "असल ऊन है साब. टेरीवूल रहता तो गोली बनती थी."

दाजींची छाती फुगली. शिंप्याने मापं घेतली, वहीत काहीतरी मोठ्या गांभीर्याने टिपलं आणि मग खाली आवाजात विचारलं, "साब, कोट ठीक है. पन पतलून भी इसीच की होना?"

"म्हणजे काय? सूट आहे ना?"

"नै, गरमी हुईंगी बोल को बोला."

"थंडीसाठीच शिवतोय."

"हौ साब," शिंपी टेप गळ्यात टाकत म्हणाला, "पन अपनी थंडी कित्ते घंटे की है?"

दाजींनी त्याला लोकरीचे गुण सांगितले. मी ते पुढे सगळा हिवाळा ऐकले, म्हणून पाठ आहेत. लोकरीचा तंतू नागमोडी असतो, त्यामुळे हवा धरतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही. ओल शोषताना उलट थोडी ऊबच सोडते. मेरिनो मेंढीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास, म्हणून तो टोचत नाही. आपल्या दख्खनी मेंढीचा त्याच्या दुपटीहून जाडा. शिंप्याने सगळं ऐकून घेतलं आणि अस्तराचे पैसे वेगळे पडतील असं सांगितलं.

दख्खनी मेंढीचा उल्लेख दाजींनी जरा नाक मुरडूनच केला, आणि ते मला रुचलं नाही. कारण खरी लोकर आमच्या घरोघरी आधीपासून आहे. ती घोंगड्याच्या रूपात कोपऱ्यात पडून असते. धनगरांची मेंढरं आमच्या रानातच बसतात, त्यांच्याच काळ्या लोकरीचं ते विणलेलं. सुताला चिंचोक्याची खळ देऊन खड्ड्याच्या मागावर विणतात. नवं घोंगडं इतकं कडक असतं की भिंतीला टेकवून उभं करता येतं. टोचतं म्हणाल तर पहिली दोन वर्षं टोचतं, पुढे घोंगडं मऊ होतं की माणूस निबर होतो हे सांगणं अवघड.

पण त्याचे उपयोग बघा. पहाटे पांघरा, दुपारी बाभळीखाली अंथरा, पावसात खोळ करून डोक्यावर घ्या, बाजारात धान्य बांधून आणा. थंडीची ड्युटी नऊला संपली की घोंगडं खांद्यावर टाकून माणूस मोकळा. फ्लॅनेलला हे एकही जमत नाही. फ्लॅनेलच्या पॅन्टीत धान्य आणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि आणलंच तर तो पुढे घरी कसा येणार हा प्रश्न उरतो.

घोंगड्याला दरबाराचंही वावडं नाही. दामाजीपंतांची कथा आमच्या भागात सगळ्यांना माहीत. मंगळवेढ्याला दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांना लुटू दिली, आणि त्याची भरपाई करायला विठ्ठल स्वतः विठू महाराचं रूप घेऊन बीदरला गेला. कसा गेला? खांद्यावर घोंगडं टाकून. देवाला पीतांबर होता, शेला होता, पण बीदरची थंडी त्याला ठाऊक असणार. महात्मा फुले १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला शेतकऱ्याच्या वेशात गेले, तेव्हा आजूबाजूला उंची कपड्यांचीच गर्दी होती. आज कुणाचा वेश लक्षात राहिला आहे?

हे सगळं मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "त्ये देव हाईत, मोठी माणसं हाईत. तू पाव्हण्यांम्होरं घोंगडं आणू नगं."

सूट शिवून आला आणि येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येचा हा सण लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत सगळा मुलूख रानात जाऊन साजरा करतो. त्या दिवशी गाव ओस आणि शिवार भरलेलं. कडब्याची कोपी करायची, आत पांडव मांडून पुजायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा बेत. त्यासाठी सकाळी लवकर निघावं लागतं, आणि पहाट त्या वर्षी खरोखर झोंबणारी होती. दाजी फ्लॅनेलचा कोट, फ्लॅनेलची पॅन्ट, आत स्वेटर, गळ्यात मफलर अशा थाटात बाहेर आले. रस्त्यात एक कानडी शेतकरी भेटला. "भाळ चळी अद री," असं म्हणून त्याने हात चोळले. दाजी फक्त हसले. थंडी ही आता दुसऱ्यांची अडचण होती. ते तास-दीड तास, मी मान्य करतो, निंबर्ग्याच्या शिवारात त्यांच्याइतकं सुखी कुणी नव्हतं.

नवाला स्वेटर उतरला. साडेनवाला कोट कोपीच्या मेढीला लागला. दहाला मफलर सुटला, तोही नाइलाजाने, कारण कानावर आमच्या माणसाची श्रद्धा. साडेदहापासून मात्र पुढे काढण्यासारखं काही उरलं नाही.

पॅन्टचं हेच आहे. कोट काढता येतो, टोपी काढता येते, शर्टाच्या बाह्या दुमडता येतात. पॅन्ट ही एकदा घातली की घरी पोचेपर्यंतची बांधिलकी. ऊन चढत गेलं तसे दाजी कोपीच्या सावलीत सरकत गेले. धोतरवाले हरभऱ्यात मांडी ठोकून बसले होते, त्यांच्या पायांवरून वारा वाहत होता, आणि एकजण अतिशय भक्तिभावाने म्हणाला, "दाजी, लुंगी दिऊ का? कोपीत बदला, कोण बगतंय?"

"ह्या पॅन्टी तिकडं इंग्लंडात बर्फात घालतात," दाजी कपाळ पुसत म्हणाले.

"मंग बरफ हितं आणावा लागंल की."

तेवढ्यात कुणाच्या तरी हातातली आंबील दाजींच्या मांडीवर सांडली. सगळे हळहळले. पण काय झालं, आंबिलीचे थेंब कापडावर मोत्यासारखे उभे राहिले आणि झटकल्यावर निघून गेले. लोकरीवर सांडलेलं लगेच मुरत नाही हा तिचा गुण खरा आहे. दाजींचा चेहरा उजळला. त्यांनी तिथंच उभं राहून जमलेल्यांना लोकरीचं व्याख्यान दिलं, तीस टक्क्यांसकट, आणि खात्रीसाठी आणखी दोन चमचे आंबील ओतून घेतली. दुसऱ्यांदा मात्र थोडी मुरली. पोरांना हा खेळ इतका आवडला की शेवटी अक्काने आंबिलीचं मडकं उचलून पलीकडे ठेवलं.

खरी परीक्षा परतताना झाली. बांधावरचं गवत त्या दिवसांत वाळलेलं असतं आणि त्याला कुसळं धरलेली असतात. धोतराला लागतात चार-दोन. फ्लॅनेलच्या उभ्या लवेत ती अशी रुतली की घरी येईपर्यंत गुडघ्याखाली राखाडी रंग दिसेना. वेल्समध्ये काटेरी बोंडांनी लव काढत, आमच्या शिवाराने तेच काम पुन्हा, फुकटात आणि जरा जास्तच मन लावून केलं. संध्याकाळी ओट्यावर पॅन्ट पसरून अक्का, दोन सुना आणि शेजारची एक म्हातारी कुसळं वेचत बसल्या. म्हातारी शाळू निवडावा तशी निवडत होती आणि अधूनमधून कापडाला बोट लावून पाहत होती. "मऊ हाय पण," ती म्हणाली. "कसलं? मेंढीचं व्हय? मंग घोंगड्याला काय झालतं?"

कुणी उत्तर दिलं नाही. दाजी आत लुंगी लावून पंख्याखाली बसले होते.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते अशी आमच्याकडची समजूत आहे, आणि ती वेळेची पक्की आहे. सूट ट्रंकेत गेला. वर डांबराच्या गोळ्या, खाली कडुनिंबाचा पाला, कारण कसरीला लोकर फार आवडते. आणि टेरीवूल सोडून अस्सल मालच खाण्याइतकी तिला जाण असते. एवढं झाल्यावर माझी समजूत अशी की आता फ्लॅनेल थेट पुढच्या मार्गशीर्षात दिसणार.

पण आमच्याकडे सूट थंडीवर चालत नाही, मुहूर्तावर चालतो. आणि दाट मुहूर्त वैशाखात. कलबुर्गीला २०१३ साली हायकोर्टाचं खंडपीठ कायमचं झालं तेव्हापासून उन्हात कोट घालायला निदान वकिलांची सोबत आहे. खालच्या कोर्टातल्या वकिलाला उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नसते, पण हायकोर्टात सुटका नाही. बेचाळीसच्या उन्हात फाटकातून आत शिरणारे ते काळे कोट पाहिले की वराच्या बापाला धीर येतो.

दाजींच्या पुतण्याचं लग्न वैशाखातच निघालं. मांडवात पत्र्याखाली कूलर होते, पण त्यांचा सगळा वारा नवऱ्या मुलाकडे. दाजी यजमानांच्या बाजूचे, पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभे. राखाडी फ्लॅनेल, आत टाय, वर फेटा, आणि चहूकडे डांबरगोळ्यांचा घमघमाट. अत्तरदाणी घेऊन आलेला पोरगा त्यांच्यापाशी क्षणभर थांबला, त्याने वास घेतला आणि अत्तर न लावताच पुढे गेला. आळंदचा शिंपीही आमंत्रणावरून आला होता. पांढरा झिरझिरीत कुर्ता घालून तो समोर आला, कोटाच्या खांद्याची बसकण बोटाने तपासली, मागून एक फेरी मारली आणि म्हणाला, "फिटिंग एक नंबर है साब."

"गरम होत नाही," दाजी म्हणाले. कानशिलावरून घाम कॉलरमध्ये उतरत होता. "लोकर ओल शोषून घेते."

अक्का अक्षता वाटत मागे उभी होती. सगळा हिवाळा तिनेही ऐकलेला. ती म्हणाली, "तीस टक्के कवाच झालं असंल. काढा आता त्यो कोट, आन् पंगतीला बसा."

दाजींनी कोट काढला आणि माझ्या हातात दिला. पॅन्ट होतीच.